शिक्का मागायला आलेला बिल्डर

बाळांनो, काल घडलेलं डोक्यातून जात नाही, म्हणून आजच लिहिते आहे. तुमचे आजोबा जाऊन वर्ष झालं, तरी एक बिल्डर त्यांचा परवाना क्रमांक असलेला शिक्का मागायला आला.

"काकू, काळेवाडीच्या इमारतीच्या मजबुतीच्या दाखल्यावर फक्त उमटवायचाय. तारीख मागची टाकतो. सगळेच करतात."

आजोबा इमारतींचे इंजिनिअर; बांधकामातल्या सळया स्वतः तपासल्याशिवाय सही करत नसत. याच इमारतीचा वाढीव मजला त्यांनी पत्र लिहून नाकारला होता.

"तुमच्या आईला ठेवाल त्या मजल्यावर?" मी विचारलं.

तो हसला! मी त्याला हाकलून दिलं आणि संतापाच्या भरात शिक्क्याचं रबर विळीवर चिरून टाकलं. आजोबांच्या नकाराच्या पत्राची प्रत आज महापालिकेत देऊन आले. मूळ पत्र माझ्या कपाटात आहे.