मोकळी नळी आणि बाराची घंटा

मंडळी, गॅरेजच्या फळ्यावर हे लिहितोय, कारण आज मी माझ्याच शहाणपणात अडकलो.

लष्कराच्या लिलावातून घेतलेल्या माझ्या मोटारसायकलचा सायलेन्सर काढून परवा मोकळी नळी बसवली. आवाज काय झकास! मिस्त्री म्हणाले, "आता कार्बुरेटरमध्ये जास्त पेट्रोल सोडणारा मोठा जेट घाल, पेट्रोल कमी पडतंय." मी म्हटलं, पळतेय ना? मग कशाला?

आज दुपारी माणिकपूरहून वाडीतल्या अरुंद वाटेने घरी निघालो. पुढे बस्त्यावकाकांची केळ्यांनी भरलेली बैलगाडी, दोन्ही बाजूंना कुंपण. तेवढ्यात चर्चची बाराची घंटा झाली. काकांनी गाडी थांबवली, टोपी काढली आणि प्रार्थना सुरू केली. शांतता हवी म्हणून मी इंजिन बंद केलं.

धडाम! पेट्रोल कमी पडल्यामुळे नळीतून बंदुकीसारखा बार उडाला. बैल उधळले, चाक चरात गेलं आणि गाडी वाटेत आडवी झाली. माझी मोटारसायकल वळेना आणि सुरूही होईना. दोन तास मी तिथेच केळी उचलत होतो.

काकांनी मात्र आधी प्रार्थना पुरी केली. मग म्हणाले, "माझे बैल माझं ऐकतात. तुझं जनावर कुणाचं ऐकतं? उद्या बाराला इथेच ये आणि बार न उडवता बंद करून दाखव. बैल मी धरतो."

घरी जायला दुसरी वाट नाही. जुना सायलेन्सर मी भंगारात दिलाय. मोठा जेट आहे का कुणाकडे? नसेल तर एवढंच सांगा, उद्या पुन्हा बार उडाला तर बैलांना काका धरतील, मला कोण धरणार?