माईच्या बरणीतली आमसुलं

माझी मोठी बहीण, आमची माई, कोकणात गावच्या घरी राहायची. दर उन्हाळ्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून आमसुलं घालायची आणि एक बरणी डोंबिवलीला माझ्याकडे पाठवायची. अंगावर पित्त उठो, पोट बिघडो, फोनवर तिचं एकच, "आमसूल घे गं, औषध आहे ते." गेल्या वर्षी माई गेली. बरणी तळाला आलेली. मी ती वापरायचीच बंद केली.

माझी नात कल्याणच्या कॉलेजात जंतूंचं शास्त्र शिकते. तिने प्रोजेक्टला कोकम घेतलं. म्हणाली, "आजी, बाजारातल्यात काय घालतात कोण जाणे. माईआजीची देशील?"

माझा हात काही पुढे होईना, खरं सांगते. पण मनात आलं, माई जेमतेम शाळा शिकलेली, तिचं म्हणणं एकदा कॉलेजात खरं ठरू दे. दिली बरणी.

आधी तिने आमसुलांचा अर्क एका जांभळ्या औषधात घातला. ते फिकट पिवळं पडलं, म्हणजे गुण आहे म्हणे. मग काचेच्या बशीत जंतू वाढवून मध्ये अर्क ठेवला. भोवती जंतू वाढलेच नाहीत, स्वच्छ गोल कडं उमटलं. तिने फोटो पाठवला, तर मी वेडी, मोबाइल माईच्या तसबिरीपुढे धरून उभी!

दोन दिवसांनी पोरगी तोंड पाडून आली.

"आजी, यांना मीठ लावलेलं?"

"अगं, मग? मिठाच्या रसात बुडवून वाळवल्याशिवाय आमसूल टिकेल का? बुरशी नाही धरणार?"

ती खालीच बसली. "मिठानेही जंतू अडतात गं. हे कोकमाचं काम की मिठाचं, सांगता येत नाही. मॅडम म्हणाल्या, हे धरायचं नाही. उन्हाळ्यात ताजे रातांबे आणून बिनमिठाचे वाळवायचे, सगळं पुन्हा."

"म्हणजे माईचं खोटं?"

"खोटं नाही. काही ठरलंच नाही."

"आणि त्या बशा?"

"कुकरसारख्या मशीनमध्ये घालून टाकून दिल्या. टाकाव्याच लागतात."

तिने पिशवीतून बरणी काढली. तळाशी दोन आमसुलं आणि ओलसर गुलाबी मीठ. मी उठले, बरणीत गरम पाणी घातलं, खळबळवलं आणि गॅसवरच्या आमटीत ओतलं.

"आजी! आठवण म्हणून ठेवायची ना!"

"ठेवून काय करू? तिने खायलाच पाठवलेली."

त्या दिवशी आमटीत मी वेगळं मीठ घातलं नाही. पोरीने दोनदा वाढून घेतली.