भाभीची गच्ची

कुरडयांचा चीक एकदा शिजवला की थांबता येत नाही, म्हणून दिवसभराच्या वाऱ्याचा अंदाज सकाळीच घ्यावा लागतो. आमच्या घरात तो मला कुणी कधी विचारलाच नाही. सासूबाई म्हणायच्या, "भाभीनं शेवया टाकल्या का, बघ गं." शेजारच्या मुसलमान घरातली ही बाई माझ्याच वयाची, पण सगळी गल्ली तिला भाभी म्हणायची. ती तिच्या गच्चीवर येऊन ओल्या ओढणीचं टोक हवेत धरून पश्चिमेकडं बघायची, आणि मग शेवया वाळत टाकायची नाहीतर मुकाट्यानं खाली जायची. तिचं कधी चुकत नसे. त्याचाच मला लई राग यायचा.

एका उन्हाळ्यात ती खाली गेलेली बघूनही मी माझा पदर भिजवून हवेत धरला आणि ठणकावून सांगितलं, "आज वारा नाय." दुपारच्या वावटळीनं कुरडयांत इतकी माती कालवली, की त्या सगळ्याच गवळ्याच्या म्हशींना घालाव्या लागल्या.

आता वारा मोबाइलवर दिसतो. परवा मी सुनेला म्हटलं, आज कुरडया टाकू. तिनं मोबाइल बघून मान डोलावली, आणि तरीही कठड्याशी जाऊन आली.

"थांबा आई," ती म्हणाली, "भाभी अजून वर आल्या नाहीत."