निळ्या माशाचं पोट

मुलगी शिकायला पुण्याला हॉस्टेलवर गेली आणि तिची माशांची टाकी तासगावच्या घरात माझ्या गळ्यात पडली. 'ही टाकी कुणाला तरी देऊन टाक' असं मी तिला वर्षभर सांगत होते. त्यामुळे आता एखादा मासा मेला असता, तर तो आईनेच मारला असं ती धरून चालली असती.

मासे आफ्रिकेतल्या तळ्यातले, सिक्लिड जातीचे. निळे, पिवळे, भांडखोर. पहिल्याच रविवारी मी टाकी लख्ख घासली. दगडांवरचं हिरवं शेवाळ खरवडून टाकलं. मासे बारीक वाटले म्हणून दुकानातून वाळवलेल्या लाल अळ्या आणल्या आणि दोन्ही वेळा घातल्या. मासे तुटून पडायचे.

पंधरा दिवसांत मोठा निळा फुगला. खाणं बंद, तळाशी पडून.

सासऱ्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. काठी टेकत आले आणि काचेला नाक लावून उभे राहिले.

"काय घालतीस ह्यास्नी?"

"अळ्या. ताकदीच्या असतात."

"आगं, त्वांड बघ त्याचं, खाली वळलंय. खरवडून खाणारा गडी हाय ह्यो. मेंढरू खळ्यातल्या ज्वारीवर पडलं की आसंच फुगतंय."

"आवं मामा, मासा आणि मेंढरू एकच व्हय?"

"चरणारं ते चरणारं. आन् तू तर त्याचं रानच धुऊन काढलंस!"

मोबाइलवर शोधलं. मामांचं बरोबर होतं. हे मासे दगडावरच्या शेवाळावर जगतात. अळ्या त्यांना पचत नाहीत.

अळ्या फेकल्या. तीन दिवस सगळ्यांना उपास, रोज थोडं पाणी बदललं. चौथ्या दिवशी पालकाची पानं गरम पाण्यातून काढून दगडाखाली दाबली. पिवळ्यांनी फडशा पाडला. निळ्याने एकदोनदा चावे घेतले आणि परत कोपरा धरला. मामा टाकीसमोर खुर्ची टाकून बसले. मी तिथून गेले की एकच प्रश्न, "हागला का?"

सहाव्या दिवशी सकाळी त्यांची हाक आली. मी कणकेच्या हातांनीच पळाले. निळ्याच्या मागे हिरवा दोरा लोंबत होता, आणि तो दगड खरवडत होता. मी तिथेच फरशीवर बसले.

मग मुलीला फोन लावून सगळं सांगितलं, घासलेल्या दगडांसकट. ती आधी ओरडली, मग हसत सुटली.

"मी दिवाळीत येईपर्यंत आजोबाच घालू देत खायला. चालेल ना त्यांना?"

"त्यांनी मला टाकीला हात लावायला बंदी केलीये," मी म्हणाले आणि कणीक मळायला गेले.