द्रौपदीकडून उसनी

मांद्र्यात चवथीची फुगडी म्हटली की गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली पहिलं पाऊल सत्यवतीचं, गेली पंचवीस वर्षं. पण यंदा माघात तिच्या डाव्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली, ऑपरेशनात छातीच गेली, आणि शेजारच्या कमलाक्षीने गावभर सांगून टाकलं, "बिचारी! आता कसली फुगडी?"

सत्यवतीने टाके सोसले, सलाईनं सोसली, केस गेले तेही सोसलं. हे 'बिचारी' तेवढं सोसवेना. कमलाक्षी रोज पेज घेऊन यायची आणि बोलायची ती तोंडाकडे नव्हे, वीतभर खाली बघून.

"फुगडी मीच घालतलंय!" सत्यवतीने जाहीर केलं. डॉक्टरांनी हात हलवायला सांगितलाच होता.

पण ब्लाउज डावीकडे खपाटीला! रुमाल कोंबला, तर तो खांद्यावर चढून बसला. वजन हवं म्हणून उकड्या तांदळांची पुरचुंडी आत घातली. शिवण कच्ची निघाली. विहिरीवर पोचेपर्यंत मागे सहा कोंबड्या आणि एक कोंबडा, वरातीसारखे रांगेने.

धाकटे दीर दत्ताराम ओसरीवरून बघत होते. दशावतारात तीस वर्षं द्रौपदी उभी केलेला माणूस.

"वयनी, ते तांदूळ काढ. ह्या काम तुझां न्हय, माझां."

"भावोजी, लाज नाय तुमका?"

"कसली लाज? मी तीस वर्सां दोन-दोन खोटी घेऊन नाचलंय. तुका तर एकच होयी!"

टाक्यांच्या जागी हात दाबून सत्यवती हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

दत्तारामांनी शेवरीचा कापूस आणला, तळाला वजनाला चिंचोके घातले, ब्लाउजला आतून कप्पा शिवला. मग स्वतःच्या शर्टात दोन उशा खुपसून अंगणात उभे राहिले.

"आता गिरकी! खांदो पाडू नको! पांडव पळाले तरी माझ्या द्रौपदीची छाती जाग्यार!"

दोघं गरागरा फिरत असताना कमलाक्षी पेज घेऊन आली. ते सोंग बघून तिच्या हातातून भांडंच सुटलं. कोंबड्यांची चैन झाली.

चवथीला सत्यवती पुढे झाली. काख ओढत होती, पण पाय थांबेनात. कापूस जागचा हलला नाही.

फुगडी सुटली तशी कमलाक्षी डोळे पुसत जवळ आली आणि उजवीकडे बोट करून कुजबुजली. तिचं कुजबुजणं म्हणजे अख्ख्या ओसरीला ऐकू जाणारं.

"सगळां बरां दिसता गो. पण ही जराशी खोटी वाटता. लोंबता."

सत्यवतीने खाली बघितलं.

"अगो, ती माझी जल्माची!"

बायका भिंतींना टेकून हसल्या. कोपऱ्यातून दत्ताराम ओरडले, "वयनी, कप्पो उजवीकडेय शिवूया काय?"

"मागीर बघूया," म्हणत सत्यवतीने कमलाक्षीचे दोन्ही हात धरले. "आधी हिका फिरवतंय!"