काथ्याचा मुंबईतला मोसम

काथ्याचा चेंडू टप्पा पडल्यावर कुठे वळणार हे समोरच्या बॅट्समनला कळायचं नाही, यात नवल काही नाही. गोलंदाजाचं कामच ते. नवल हे की खुद्द काथ्यालाही ते कळायचं नाही. लांब हातांचा, काटकुळा, सावळा पोरगा. पाच-सहा पावलं घाईघाईने यायचा, हात फिरवायचा आणि मग आमच्यासारखाच टक लावून बघत राहायचा. चेंडू बाहेर गेला तरी खूश, आत आला तरी खूश. मी त्याचा विकेटकीपर. सुरुवातीला गुडघ्यांवर आणि एकदा दातांवर चेंडू खाल्ल्यावर मी चिडून म्हटलं, "अरे, खंय वळतलो तां आधी सांग तरी!" तो शांतपणे म्हणाला, "माका काय म्हायत? मातीक इचार."

त्याचं खरं नाव सदानंद. बाप लहानपणीच गेला होता. आई खाडीत कुजवलेली नारळाची सोडणं बडवून काथ्या काढायची आणि त्याचं सुंब वळून विकायची. सदा तिच्या शेजारी बसून दोन तळव्यांत काथ्या वळतच वाढला, म्हणून तो काथ्या. त्याच्या मनगटात आणि बोटांत जे काही होतं ते त्या सुंबातून आलं, असं गावातली जाणती माणसं म्हणत. आईने त्याचा खेळ कधी पाहिला नाही. पण कुणी कौतुक केलं की म्हणायची, "माजो झिल चेंडू टाकणा नाय, तेका पीळ घालता."

भात कापून झालं की मळ्यातली ढेकळं फोडून आम्ही मॅट अंथरायचो आणि शिमग्यापर्यंत खेळायचो. आजूबाजूचे संघ यायचे, आम्हीही होडीने, चालत, मिळेल तसे जायचो. मसुऱ्याच्या संघात एक शाळामास्तर होते, त्यांना कुणी बाद करू शकत नसे. काथ्याने त्यांचा मधला दांडा उडवला. सामना संपल्यावर मास्तर त्याच्याजवळ येऊन बसले, चेंडू त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "बाळा, तो कसा टाकलास, जरा दाखव." काथ्याने चेंडू असा धरला, तसा धरला, उलटा धरला आणि शेवटी परत देत म्हणाला, "असोच कायतरी असतलो." मास्तरांना वाटलं, पोरगा गुपित राखतोय. ते जरा रागावूनच गेले.

गुपित होतं, पण ते माझ्याजवळ. दुसऱ्या वर्षी केव्हातरी माझ्या लक्षात आलं की चेंडू बाहेर वळायचा असला की हात फिरण्याआधी काथ्याची जीभ डाव्या गालात जाते. गाल सुपारी ठेवल्यासारखा फुगतो. गाल सपाट राहिला तर चेंडू आत येणार. गोलंदाजाच्या गालाकडे कोण बघतो? मी बघू लागलो आणि माझ्या हातून चेंडू सुटेनासा झाला. "बाबल्याची नजर म्हणजे घारीची नजर," असं लोक म्हणू लागले. मला ते आवडायचं. म्हणून मी कुणाला काही सांगितलं नाही. काथ्यालाही नाही.

एका मे महिन्यात मुंबईच्या एका गिरणीतले लेबर ऑफिसर सुट्टीवर आले होते. आमच्याच बाजूचे गृहस्थ. गंमत म्हणून बॅट घेऊन उभे राहिले आणि काथ्याच्या एका ओव्हरमध्ये तीनदा फसले. त्यांच्या गिरणीचा एक संघ खालच्या गटात खेळत होता. त्यांनी काथ्याला बोलावून घेतलं. एक मोसम खेळायचं, तोवर गिरणीत बदली कामगार म्हणून काम. मोसम चांगला गेला तर वरच्या गटातला संघ आणि कायमची नोकरी. मला त्याच सुमारास एका कापडाच्या दुकानात जागा मिळाली होती. दिवाळीनंतर आम्ही दोघे एकाच बोटीने निघालो. आम्ही छोट्या पडावात बसून मोठ्या बोटीकडे निघालो तेव्हा काथ्याची आई किनाऱ्यावर उभी होती. सगळे हात हलवत होते, काथ्या मात्र वाळूकडे बघत होता. मला म्हणाला, "बाबल्या, थंय माती कसली असतली रे?"

मातीने त्याला दगा दिला नाही. पहिल्या दोन सामन्यांत त्याने समोरच्या संघाची दाणादाण उडवली. आमच्या गावाची लालबागला एक खोली होती, तिथे बाराजण राहत होते, आम्ही दोघे धरून चौदा झालो. त्या खोलीत रोज संध्याकाळी काथ्याचं भविष्य ठरायचं. एक म्हणायचा, "फुडच्या वर्सा तू वरच्या टीमात." दुसरा म्हणायचा, "टीम रवांदे, आधी नोकरी पक्की करून घे." तिसऱ्याचं मत, खेळणाऱ्याला साहेब कामगार समजत नाहीत, तेव्हा खात्यातलं काम सोडून खेळायला जाऊच नको. काथ्या प्रत्येकाला मान डोलवायचा. एकदा अंथरूण घालताना मला म्हणाला, "सगळे बरोबरच बोलतत. मगे माका असा कित्याक होता, आपण गर्दीत हरवल्यासारख्या?"

संघाला शिकवायला एक वयस्कर गृहस्थ यायचे. एके काळी मोठ्या सामन्यांत खेळलेले. सगळे त्यांना काका म्हणायचे. भला माणूस. काथ्यावर त्यांचा जीव बसला आणि म्हणूनच काळजीही वाटू लागली. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कुठला चेंडू कुठे वळवणार, हे तू आधी ठरवतोस ना?"

"ठरवलंय तर वळणा नाय," काथ्या म्हणाला.

काका हसले नाहीत. म्हणाले, "दैवावर एक मोसम निघतो, पोरा. दोन निघत नाहीत."

ते खरंच होतं. आजही मला ते खोटं म्हणता येत नाही.

एका रविवारी मी सराव बघायला गेलो होतो. काका माझ्याजवळ आले. "तूच ना गावाकडे त्याच्या गोलंदाजीला यष्टींमागे उभा राहायचास? तुला कसं कळायचं रे?" आजूबाजूला संघातले चार-पाचजण होते. सगळे माझ्याकडे बघू लागले. कापडाच्या दुकानात दिवसभर ताग्यांच्या घड्या घालणाऱ्या मला बऱ्याच दिवसांत कुणी काही विचारलं नव्हतं. मी जिभेचं सांगितलं. काथ्याचं भलं व्हावं म्हणून सांगितलं, की आपण शहाणे ठरावं म्हणून, हे मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. काकांनी मांडीवर थाप मारली. "शाबास! आता कळलं. म्हणजे त्याच्या शरीराला ठाऊक आहे, त्यालाच तेवढं ठाऊक नाही."

पुढच्या सामन्यात काथ्या ओठ घट्ट मिटून धावत आला; काकांनी त्याला जिभेचं सांगितलंच असणार. चेंडू सरळ गेला. मग त्याने जीभ मुद्दाम गालात घातली. तरी सरळच गेला. काकांनी धीर दिला. मनगट असं ठेव, बोट तसं ठेव, महिनाभरात जमेल. कप्तान म्हणाला, "सगळं विसर, पहिल्यासारखा टाक." काथ्या दोघांचंही ऐकायचा. खोलीत जेवतानासुद्धा त्याचा हात हवेत फिरायचा आणि भात ताटाबाहेर सांडायचा. सरावात मधूनच एखादा चेंडू पूर्वीसारखा हातभर वळायचा. काका धावत यायचे, "हाच! आत्ता काय केलंस?" आणि काथ्या रडवेला होऊन स्वतःच्या हाताकडे बघायचा.

मोसमातला शेवटचा सामना जिंकला तर संघ वर जाणार होता. समोरच्यांना थोड्याच धावा हव्या होत्या. कप्तानाने सगळं करून पाहिलं आणि अखेर चेंडू काथ्याकडे दिला. मी सीमेजवळ बसलो होतो. दोन चेंडू सरळ पडले, दोन्ही चौकार गेले. दुसरा चौकार माझ्याच बाजूला आला. चेंडू घ्यायला क्षेत्ररक्षकाने यायचं, तर काथ्याच चालत आला. मी चेंडू त्याच्या हातात ठेवला. तो निघेना. खाली वाकून हळू आवाजात म्हणाला, "बाबल्या, आधी मी काय टाकी होतंय रे?"

सहा वर्षं मी त्याच्या गोलंदाजीला यष्टींमागे उभा होतो. एवढं एक उत्तर द्यायला जगात माझ्याइतका लायक माणूस नव्हता. पण मी बघितला होता तो त्याचा गाल आणि टप्प्यानंतरचा चेंडू. मधल्या हाताकडे मी कधी बघितलंच नव्हतं. पंचांनी हाक मारली, तो परत गेला. सामना त्याच ओव्हरमध्ये संपला.

त्याला कुणी काढून टाकलं नाही. लेबर ऑफिसर साहेब म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." काका म्हणाले, "मला एक वर्ष द्या, हा पोरगा वरच्या संघात खेळेल." कप्तान म्हणाला, "खेळेल किंवा नाही खेळणार." मे महिन्यात काथ्या गावी गेला. पाऊस संपल्यावर येतो म्हणाला होता, आला नाही. एकाला त्याने सांगितलं, आई एकटी आहे. दुसऱ्याला सांगितलं, गिरणीतल्या कापसाने छाती भरते. तिसऱ्याला म्हणे, नुसतंच हसून दाखवलं. गावी खेळतो का, याचीही वेगवेगळी बातमी यायची. कुणी सांगे, विजयदुर्गकडच्या पोरांना त्याने परवाच गुंडाळलं. कुणी सांगे, छे, आता त्याचा चेंडू सुतासारखा सरळ येतो.

मी गावी जायचो तेव्हा त्याला भेटायचो, इकडचं तिकडचं बोलायचो. ती एक गोष्ट मात्र टाळायचो. तशी आठ-दहा वर्षं गेली. माझी पोरं शाळेत जाऊ लागली. काथ्याचं लग्न झालं, तो खाडीवरच्या तरीवर माणसं पलीकडे नेणारी होडी चालवू लागला. एकदा भर दुपारी मी पलीकडच्या गावी निघालो होतो. होडीत आम्ही दोघेच. खाडीच्या मध्यावर आल्यावर मी एका दमात सांगून टाकलं, "काथ्या, तुज्या जिभेचा काकांका मीच सांगलंय."

त्याने वल्हं थांबवलं नाही. "माका म्हायत आसा. त्याच सांजेक काकांनी माका सांगल्यानी."

म्हणजे सीमेवर तो माझ्याकडे आला तेव्हा त्याला हे ठाऊक होतं. तरी तो माझ्याकडेच आला होता.

"तुका राग नाय इलो?"

त्याने होडीचं तोंड काठाकडे वळवलं. "येवक होयो होतो. पण तू खोटा काय सांगलंस? जीभ माजीच." होडी काठाला टेकली. मी उतरलो. तो म्हणाला, "तू बरां केलंस काय वायट केलंस, तां माका अजून समाजला नाय बाबल्या. तुका कधी समाजला तर येवन सांग." पलीकडून कुणीतरी माणसं हाका मारत होती. त्याने होडी फिरवली आणि तो गेला.

मी पुष्कळ विचार केला. गप्प राहिलो असतो तर दैव त्याला किती मोसम पुरलं असतं? काकांना ते वर्ष मिळालं असतं तर? की मुंबईच नको होती? एकेक दिवस एकेक उत्तर खरं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी ते उरत नाही. काथ्याला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. खाडीवर पूल झाला. उद्या मला समजलंच, तर ते येऊन सांगायचं कुणाला?