वरच्या धुऱ्यावरचं गवत

आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे धान्याच्या पोत्यांशेजारी असायचे. बाबा लिहायचे, मलकापुरात छापून आणायचे आणि शाळेतून आल्यावर मी घड्या घालायचे. ‘धुरे पेटवू नका’ हे पत्रक मला तोंडपाठ होतं. आमच्याकडे पेरणीआधी शेताचे बांध, म्हणजे धुरे, जाळून साफ करायची रीत. काळाठिक्कर धुरा दिसला की शेतकरी मेहनती. आमच्या वरच्या धुऱ्यावर मात्र कमरेएवढं गवत. लोक म्हणत, “यायच्या घरी आगपेटी नाही काय?”

बाबा उन्हाळ्यात मला त्या वाळक्या गवताखाली हात घालायला लावायचे. माती गार लागायची. पावसाळ्यात उतारावरून येणारं पाणी तिथे अडायचं, मुरायचं. सोयाबीन निघाल्यावर माती मुठीत दाबली की लाडू वळायचा. विहीर नसल्यामुळे आमचा हरभरा फक्त त्या ओलीवर यायचा.

पण गवत पाणी पितंही. गेल्या पावसाळ्यात लांबलचक उघडीप पडली आणि धुऱ्यालगतचं सोयाबीन सगळ्यात आधी पिवळं पडलं. शेजारच्या शेतातले काका रोज टोमणा मारत, “गवत पाणी पिऊन राह्यलं, अन् तुम्ही पत्रकं वाटून राह्यले!”

काकांशी भांडायचे मी.

एका सकाळी बाबांनी माझ्या हातात त्याच पत्रकाचा गठ्ठा दिला. “रोहिणखेडच्या बाजारात वाटून ये, पोरी. तुह्यं ऐकतीन लोकं.” मी घसा बसेपर्यंत ओरडले. अनोळखी माणसांचे हात धरून सांगितलं, धुरा उघडा करू नका.

त्याच आठवड्यात आमचा धुरा पिवळा पडला. कडेच्या ओळी सोडल्या तर आजूबाजूला सगळं हिरवं, आणि मधोमध तेवढाच मेलेला पट्टा. मी मायला विचारलं. ती भाकरी थापत म्हणाली, “तू बाजारात गेलती ना, तवा फवारलं त्यायनं. तणनाशक.”

मी बाबांसमोर उभी राहिले. “मले काऊन नाही सांगतलं?”

“तुले सांगतलं असतं तं तू फवारू देलं असतं काय?”

त्यांचं मत बदललं याचा राग नव्हता. पिवळ्या ओळी मलाही दिसत होत्या. गवत कापून ओळींमध्ये अंथरलं असतं, तर त्याचं पिणं कमी झालं असतं आणि माती झाकली गेली असती. मी स्वतः कापलं असतं. पण मला शेतातून हटवायला त्यांनी माझ्या हातात तेच पत्रक दिलं होतं.

मग परतीचा पाऊस आला. बोडक्या धुऱ्यावरून पाणी वरची माती घेऊन थेट नाल्यात गेलं. हरभरा पेरताना माती मुठीतून भुसभुशीत गळली. खालच्या अंगाला तुरळक उगवलं, वर धुऱ्यालगत काहीच नाही.

काका बघायला आले. बाबा म्हणाले, “बियाणंच बोगस निघालं.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

“बियाणं चांगलं हाय, काका,” मी म्हणाले. “ओल गेली. धुऱ्यावर तणनाशक मारलं यायनं.”

घरी परतताना बाबा म्हणाले, “घरची गोष्ट बाहेर काऊन सांगतली?”

“बाहेरच्यायले आपणच शिकवत फिरलो ना? मंग त्यायले खरं समजलं पाह्यजे.”

त्यानंतर बाबांनी मला काही वाटायला दिलेलं नाही. दिलं, तरी आधी शेत पाहिल्याशिवाय मी हात पुढे करणार नाही.